एक नाही, दोन नाही

हरकतकाकांना 'आज हवा छान आहे' असं म्हटलं तर ते आधी खिडकीबाहेर बघत, मग तुमच्याकडे बघत आणि विचारत, "कोणाच्या सांगण्यावरून?" पामर्स्टन नॉर्थमध्ये हवेबद्दल हा प्रश्न रास्तच होता. तिथलं वारं सकाळी दिलेला शब्द दुपारी पाळत नाही. पण काका हाच प्रश्न बँकेला विचारत, प्लंबरला विचारत आणि एकदा भर पंगतीत 'आमच्या हिच्यासारखी सुगरण सगळ्या न्यूझीलंडमध्ये नाही' असं जाहीर करणाऱ्या डॉक्टर फडक्यांनाही त्यांनी तो विचारला. फडकेवहिनींनी पुढे बरेच दिवस त्यांना जेवायला बोलावलं नाही.

धंद्याने ते औषधवाले. इस्पितळाच्या फार्मसीत त्यांची खुर्ची अशा कोपऱ्यात होती की येणारा प्रत्येक माणूस आधी संशयित म्हणून दिसावा. डॉक्टरांची चिठ्ठी ते विरुद्ध पक्षाच्या वकिलाने वाचावी तशी वाचत. फडके तिथेच भूलतज्ज्ञ होते. काकांचा फोन आला की भूल दिलेला पेशंट शांत असे आणि फडकेच घामाघूम होत. "बाटलीवरचं लेबल हे फक्त लेबल लावणाऱ्याचं मत असतं," काका म्हणत. "आत काय आहे ते उघडल्यावर कळतं."

आमचं मराठी मंडळ म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं. इस्पितळातले डॉक्टर आणि नर्सेस, विद्यापीठात शिकायला येऊन तिथेच चिकटलेले काही जण आणि गवतावर संशोधन करणारा मी. गवतासाठी माणूस सातासमुद्रापार का जातो, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. या मंडळाच्या गणपतीत एका वर्षी काका प्रकटले. आडनाव आवासकर; 'हरकतकाका' हे आम्ही पुढे ठेवलेलं नाव.

मराठी माणसाला आडनाव कळलं की त्याचा अर्धा तपास पूर्ण होतो. आवास अलिबागजवळ, बोलणं थेट अलिबागचं, मासे बघून डोळ्यांत आलेली चमक. फडकेवहिनींनी पहिल्याच संध्याकाळी निकाल दिला, "सीकेपी." पण दुसऱ्या जेवणात काकांनी कोळंबीची वाटी हळूच माझ्याकडे सरकवली. वहिनींचा चेहरा पडला. कोळंबी न खाणारा सीकेपी? मग आमचं बारीक लक्ष राहू लागलं. मटण खाल्लं की हा माणूस दह्याला शिवत नाही. आरतीला टाळ असा धरतो की देवानेही ताल सांभाळावा, पण हात जोडत नाही. आणि प्रसाद वाटायला सुरुवात झाली की हात धुवायला जातो, तो प्रसाद संपेपर्यंत हातच धुतो. "हा काहीतरी लपवतोय," वहिनी म्हणाल्या.

ज्या वाचकांचं गाव अलिबागकडे आहे, त्यांना एव्हाना सगळं कळलं असेल. ते हसत असतील. हसू द्या. फडके नागपूरचे, मी सोलापूरचा. आम्हाला काय माहीत?

त्यातून शनिवार. शनिवारी काका गाडीला हात लावत नसत, फोन उचलत नसत. सकाळी काळी पँट, पांढरा शर्ट घालून पायी निघत. पामर्स्टन नॉर्थ हे असं गाव आहे की कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायलाही लोक गाडी काढतात. तिथे पायी चालणारा माणूस म्हणजे एक तर विद्यार्थी, नाही तर दारू पिऊन लायसन्स घालवलेला. आम्ही बरेच दिवस दुसरी शक्यता धरून चाललो होतो. मग एकदा बोलता बोलता काकांच्या तोंडून निघालं की त्यांचा मुलगा अश्दोदला असतो. अश्दोद कुठे आलं, हे फडक्यांनी घरी जाऊन नकाशात पाहिलं, ते इस्रायलमध्ये निघालं आणि त्यांनी मला फोन केला. त्याच सुमारास खोट्या पासपोर्टांचं एक प्रकरण पेपरांत गाजत होतं आणि त्यात इस्रायलचं नाव होतं.

"माणूस गुप्तहेर आहे," फडके कुजबुजले. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच फोनवर कुजबुजले.

"डॉक्टर, पामर्स्टन नॉर्थमध्ये गुप्तहेर काय करणार? माझं गवत चोरणार?"

"तेच शोधायचंय. शनिवारी सकाळी तयार राहा."

मंडळाच्या नाटकांत मी हौसेने कामं करायचो. असा प्रवेश कोण सोडतो? आम्ही फडक्यांच्या गाडीतून काकांचा पाठलाग सुरू केला. चालणाऱ्या माणसाचा गाडीतून पाठलाग करून पाहा म्हणजे समजेल. गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती, मागून लोक हॉर्न वाजवत होते आणि आम्ही दोघं गॉगल लावून मान खाली घालून बसलो होतो. एका वळणावर काका थांबले, मागे आले आणि काचेवर टकटक केली.

"फडके, क्लच जळतोय. चालत या."

आम्ही निमूट उतरलो. काका आम्हाला एका साध्या घरापाशी घेऊन गेले. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. आत गाडी नव्हती. गवत कापायचं मशिन, रंगाचे डबे, एक हीटर, एका कपाटाला मखमली पडदा आणि टोप्या घातलेले काही पुरुष. आमच्यामागे शटर खाली आलं. फडक्यांनी माझा दंड धरला. "सांगितलं होतं की नाही?"

"ही आमची प्रार्थनेची जागा," काका म्हणाले. "मी यहुदी आहे, फडके. बेने इस्रायल. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. कोळंबी वर्ज्य, मटणावर दही वर्ज्य आणि शनिवारी घाणा बंद. बैलालाही सुट्टी."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"सरळ विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण म्हटलं, तुमची मजा कशाला घालवा?"

घर होतं मिस्टर लिओंचं. ऐंशीच्या घरातला हा शिंपी लहानपणी युरोपातून एकटाच बोटीत चढवला गेला होता, कोटाला नावाची चिठ्ठी बांधून. यहुद्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. नऊ असले तर काही भाग म्हणताच येत नाहीत, मग ते नऊ कितीही भाविक असोत. आणि माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, असाही त्यांच्यात संकेत. म्हणून लिओ बोट फिरवत म्हणू लागले, "एक नाही, दोन नाही, तीन नाही..." बोट सरसर फिरत होतं. गवत कापायच्या मशिनशेजारी काका उभे होते. त्यांच्यापाशी येऊन ते बोट थांबलं. फार नाही, एका श्वासापुरतं. मग लिओ म्हणाले, "दहा नाही," म्हणजे दहा भरले, आणि प्रार्थना सुरू झाली. फडके आणि मी रंगाच्या डब्यांवर बसलो होतो. आम्ही 'नाही'तही नव्हतो.

परतीच्या वाटेवर काकांनीच विषय काढला. "बोट पाहिलंस, नाटक्या?" मला ते नाटक्या म्हणत.

"पाहिलं."

"पहिल्याच शनिवारी त्याने मला विचारलं, तू यहुदी कशावरून? कागद आहेत? मी म्हटलं, तुझे आहेत? तर त्याच्याकडे होते रे. बिचाऱ्याकडे फक्त कागदच उरले होते, माणूस एकही नाही. मग मी जास्त बोललो नाही." त्यांनी रस्ता ओलांडला. "असं बोट मी आधीही पाहिलंय. तरुणपणी आम्ही सगळे इस्रायलला गेलो. लोदला राहिलो. बहिणीचं लग्न ठरलं, तर तिथले धर्मगुरू म्हणाले, आईच्या आईच्या आईपर्यंत शुद्ध असल्याचं सिद्ध करा. आम्ही म्हटलं, आमचं जहाज नवगावच्या किनाऱ्याला फुटलं असं आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. जहाजालाच विचारा. मग आमची माणसं रस्त्यावर बसली, आरडाओरडा झाला आणि शेवटी त्यांनी मान्य केलं. पण बहीण लग्नात हसली नाही."

"राग आला असेल."

"देश आपला म्हणून तर आला. परक्याने कागद मागितला तर माणूस दाखवतो आणि पुढे जातो."

त्यांना त्या गॅरेजमध्ये काय हवं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. बोट न थांबता पुढे जायला हवं होतं. बस्स, तेवढंच. आणि कागद काढून ते मिळवायचं नव्हतं.

लेबनॉनमध्ये युद्ध पेटलं त्या हिवाळ्यात मंडळाच्या वादसभेसाठी फडक्यांनी विषय निवडला, 'राष्ट्राला जन्मसिद्ध हक्क असतो का?' शाळेच्या भिंतीवर रंगवलेला 'जन्मसिद्ध' हा शब्द वाचत आम्ही सगळे वाढलेलो. त्याच्यावर कोणी शंका घेऊ शकतं, हेच अनेकांना नवीन होतं. हॉल भरला. काका येताना लिओंना घेऊन आले. का आणलं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता; काका काहीच उगाच करत नसत. लिओंना मराठी येत नसल्यामुळे मी त्यांच्याशेजारी बसून कानात भाषांतर करायचं ठरलं. मी ते हातवाऱ्यांसकट केलं.

फडके उभे राहिले. "हक्क माणसाला असतात. राष्ट्र ही माणसांनी केलेली सोय आहे. सोयीला कसला आलाय जन्मसिद्ध हक्क? शेजाऱ्यांनी मानलं तर राष्ट्र, नाही तर नुसती टोळी. इस्रायललाही अस्तित्वाचा असा काही उपजत हक्क नाही."

"आणि आपल्याला?" मागून कोणी तरी ओरडलं.

"आपल्यालाही नाही!" यावर हॉलमध्ये असा गलका झाला की चहावाल्या बायका बाहेर आल्या.

बाजूने बोलायला एक नर्सबाई होत्या, कोल्हापूरच्या. "घरात बसून घराची गरज काय, असं विचारणं सोपं असतं, डॉक्टर. ज्यांना शेकडो वर्षं प्रत्येक दारातून हाकललं, त्यांनासुद्धा स्वतःचं दार मागायचा हक्क नसेल, तर तो शब्द शब्दकोशातून काढून टाका." मी भाषांतर केलं. लिओंनी टेबलावर मूठ आपटली. "ही बाई डॉक्टर व्हायला हवी होती," ते म्हणाले.

मग काका उठले. आता हे नर्सबाईंना दुजोरा देणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

"फडके, तुमचं मला पटतं. एकच शंका. हा प्रश्न सगळ्याच देशांना लागू आहे म्हणता, मग आज नाव एकाचंच का निघालं? या हॉलखालची जमीन कोणाची? दोन वर्षांपूर्वी किनारा कोणाचा हे विचारत माओरी लोकांचा केवढा मोर्चा वेलिंग्टनला गेला. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"ऑन कॉल," फडके पुटपुटले.

"आणि सिस्टर, तुमचंही पटतं. दार हवंच. मला मिळालं. लोदला जुनं दगडी घर मिळालं, आधी कोणा अरबाचं. त्याच्या उंबऱ्याच्या मधोमध खळगा होता, येणाऱ्या-जाणाऱ्या पायांनी पडलेला. दगडाला असा खळगा पडायला पिढ्या लागतात. आम्ही तर नुकतेच राहायला आलो होतो." चहावाल्या बायका पुन्हा दारात आल्या. "माझा तिथे राहायचा हक्क कोणी नाकारला तर मी भांडेन. त्या खळग्याचा मालक दारात येऊन उभा राहिला तर माझ्याजवळ उत्तर नाही. दोन्ही खरं आहे. 'जन्मसिद्ध' म्हटलं की माणूस यातलं एक विसरतो. म्हणून मला त्या लेबलाचा संशय येतो."

"मग राष्ट्र होतं तरी कशाने?" फडक्यांनी विचारलं.

"मोजणाऱ्याचं बोट आपल्यावर थांबत नाही, त्याने. आणि आपलं बोट दुसऱ्यावर थांबत नाही, त्यानेही."

मी क्षणभर अडखळलो. मग सगळं भाषांतर केलं, उंबरा आणि बोट दोन्ही.  लिओ हॅट उचलून म्हणाले, "त्याला सांग, दार सोडून निघून आलेल्या माणसाला उंबऱ्याचा विचार परवडतो. माझ्या आईच्या उंबऱ्यावर आज कोण राहतं, ते मला कोणी विचारलेलं नाही." आणि ते बाहेर पडले. काकांनी मला काय म्हणाले विचारलं. मी सांगितलं. पहिल्यांदाच काकांनी 'कोणाच्या सांगण्यावरून' असं विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी गॅरेजचं शटर बंद होतं. त्याच्या पुढच्याही. बाकीचे येईनासे झाले. काका मात्र दर शनिवारी काळी पँट, पांढरा शर्ट घालून तिथपर्यंत चालत जात, बंद शटरसमोर उभे राहत आणि परत येत.

"कशाला जाता, काका?" मी म्हणालो. "त्यांनी तुम्हाला बाहेर काढलंय."

"दार त्याचं आहे. रस्ता सगळ्यांचा."

"पण उपयोग काय?"

"त्याचं बरोबर असेल तर? मला परवडतं हे खरंच आहे. म्हणून निदान चालावं."

हिवाळा सरला. आणि एका शनिवारी शटर गुडघाभर वर होतं. खालून गवत कापायच्या मशिनची चाकं आणि लिओंचे चकचकीत बूट दिसत होते. काका वाकले, गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढे वाकले आणि आत गेले. लिओंनी शटर का उघडलं, हे काकांनी विचारलं नाही; लिओंनीच त्यांच्या आधी त्यांचं वाक्य म्हणून टाकलं, "कोनाच्या सांगन्यावरून?" गेल्या काही वर्षांत तेवढं एकच मराठी वाक्य त्यांनी उचललं होतं. ते त्यांच्या तोंडून युरोपभर फिरून आल्यासारखं वाटे. दोघं त्यावर खूप हसले म्हणे.

"आणि बोट?" मी विचारलं.

"थांबतं की. पण पूर्वी संशयाने थांबायचं, आता सवयीने थांबतं."

"मग झालं तर."

"झालंच. या वयात त्याची सवय कुठे मोडायची?" असं म्हणून ते खिडकीबाहेर बघू लागले. हवेची शहानिशा करायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ बघत राहिले.

काका गेले ते फार्मसीतच, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत. हातात बाटली होती. लेबल खरं आहे का, ते बघत असणार. मुलगा अश्दोदहून निघाला, पण यहुद्यांमध्ये दफनाला फार थांबत नाहीत. दफनभूमीमागच्या टेकड्यांवर पवनचक्क्या गरगर फिरत होत्या, टोप्या डोक्यावर राहत नव्हत्या. मंडळातले आम्ही सगळे आलो होतो. फडक्यांना आणि मलाही काळी टोपी मिळाली होती. मेलेल्यासाठी म्हणायच्या प्रार्थनेलाही दहाच लागतात, हे मला तिथे कळलं. लिओंनी बोट वर केलं.

"एक नाही, दोन नाही..." सरसर बोट फिरलं. "नऊ नाही." मग ते डावीकडे वळलं, गॅरेजमध्ये मशिनशेजारी काका जिथे उभे राहत त्या बाजूला आणि सवयीने थांबलं. तिथे वारा होता. खरं तर नऊच असणार, हे लिओंना माहीत होतं. त्यांनी वेलिंग्टनला फोन करून दहावा माणूस मागवला होता. तो अजून पोचला नव्हता. त्यांचं बोट तसंच हवेत हलत हलत पुढे सरकलं आणि माझ्यावर आलं. सावळा चेहरा, काळी टोपी, काकांच्याच भाषेत बोलणारा माणूस. मला कोणी काही विचारत नव्हतं. आणि ते बोट माझ्यावर थांबत नव्हतं, दहावा म्हणून मला धरून पुढे जाणार होतं. इतकी वर्षं काकांना जे हवं होतं, ते मला असं फुकट मिळत होतं.  मी नाही म्हणायला हवं होतं; मी टोपी सावरली.

लिओंनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःलाच विचारावं तसं हलकेच म्हणाले, "कोनाच्या सांगन्यावरून?" आणि बोट मागे घेतलं.

आम्ही वाट पाहिली.  शेवटी एक गाडी खडीवरून धडधडत आली. तिच्यातून शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे तिथल्या रबरी चपला, घातलेला एक आडदांड माणूस उतरला. अंगावर वाळू, मागच्या सीटवर ओले टॉग्ज, पोहायचे कपडे. "सॉरी, सॉरी," म्हणत तो धावत आला, कोणी तरी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली. लिओंनी त्याला नाव विचारलं नाही. आई कोण, आजी कोण, विचारलं नाही. "दहा नाही," ते म्हणाले आणि बोट त्याच्यावरून सरळ पुढे गेलं, कुठेही न थांबता. मग लिओंनी प्रार्थना सुरू केली. 

परतताना गाडी फडके चालवत होते.  गावात शिरल्यावर त्यांना राहवलं नाही.

"तो जँडल्सवाला... खरंच यहुदी होता का रे?"

मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. फडके ओशाळले. त्यांनी गाडी कडेला घेतली, डोक्यावरची काळी टोपी काढली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चल, इथून चालत जाऊ."